आजोबांना नमस्कार

मसाका गावाला जाणारी टॅक्सी अजून भरायची होती. पुढे बसलेल्या नाकिटो या प्रवासी बाईच्या कानावर मागच्या सीटवरचं आत्या-भाचीचं बोलणं पडत होतं.

“मेलेल्या माणसांची चिरफाड करायला शिकतेस? पुरे झालं. घरी चल.”

“पहिल्या दिवशी मीच पळणार होते, आत्या. टेबलावर पांढऱ्या केसांचे आजोबा होते. हात लटलटायला लागले माझे.”

“मग?”

“वडीलधारं माणूस दिसलं की आपण टेकतो, तसे गुडघे टेकले गेले. ‘कसे आहात, आजोबा?’ म्हटलं.”

“मेलेल्याला?”

“सगळे हसले.”

“हसणारच. आणि हात?”

“शांत झाले. परवा हृदय मीच बाहेर काढलं.”

“अजून टेकतेस?”

“रोज.”

आत्याने हात लांबवून टॅक्सीचं दार उघडलं.

“उतर खाली. कॉलेजला उशीर होईल. आणि त्यांना माझाही नमस्कार सांग.”