हातभर पातं

वासोट्याला जायचं, तर सुरी किती लांब घ्यावी म्हणता? आधी माझं ऐका.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मी आणि बाळू तिकडंच निघालो होतो. सोबत बाळूचे चुलते, ब्रह्मदेशातनं नुकतेच परतलेले हवालदार तात्या.

मी विचारलं, "तात्या, लोहाराला पातं किती सांगू? वीतभर बास?"

"वीतभर? भाजी चिरायची हाय व्हय रं? रान हाय ते! चांगलं हातभर घे."

कराडच्या लोहारानं तसंच घडवून दिलं.

रानात शिरलो, तर कारवी डोक्याच्या वर. वाट दिसेना. तात्या म्हणाले, "तुज्याकडं हत्यार हाय गड्या, तू हो पुढं."

दुपारपर्यंत मी कारवी तोडत होतो. हाताला फोड आले. तात्या मागनं विडी ओढत, "डावीकडची र्‍हायली बघ," म्हणत सावकाश येत होते.

वर पोचलो आणि माझ्या टाचेत काटा मोडला. मी ते हातभर पातं टाचेला लावलं, तसा बाळू ओरडला, "काटा काढतोयस का पाय?"

तात्यांनी गुपचूप कमरेची चार बोटांची सुरी काढली आणि काटा अलगद उपसला.

मी विचारलं, "आवं तात्या, ब्रह्मदेशात तुमी हीच वापरत हुता?"

"व्हय की."

"मग मला हातभर का सांगितलं?"

"तितं ज्याच्याकडं लांब पातं, त्यालाच वाट काढायला पुढं घालायचे. म्हणून मी तितं पोचल्यावर दुसर्‍याच दिवशी ही घेतली."

तर तुम्ही हातभरच घ्या. मी येतोच मागनं.