बाबाचं जड धनुष्य

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारी खांदा दुखावल्यामुळे हात झोळीत बांधलेला एक बाप आणि त्याची लहानगी लेक बसली होती.

"बाबा, तिरंदाजीचे सर म्हणाले होते ना, आधी शिकाऊंचं हलकं रिकर्व्ह धनुष्य घ्या?"

"अगं, पण तो उंच, लाकडी लाँगबो बघितला आणि राहवलंच नाही."

"आजी म्हणते, नाकापेक्षा मोती जड."

"आजीला तेवढंच हवं. जाऊ दे, सोडतोच मी आता."

"का?"

"तुझे बाण गोलात, माझे कुंपणात. लोक हसतात गं."

"माझे पहिले बाण कुठे गेले होते?"

"गवतात."

"शोधले कोणी?"

"मीच. रांगत रांगत."

"हसलास?"

"छे! धनुष्य तुझ्याहून उंच, तरी तू परत परत ओढत होतीस. मी बघतच राहिलो."

"मग खांदा बरा झाला की हलकं घे. दोरी हनुवटीला टेकली की क्षणभर थांबायचं. घाई नाही करायची."

"आणि बाण गवतात गेला तर, गुरुजी?"

"मी रांगेन ना."