राख लावून येणारी गिऱ्हाइकं

थांबा स्वामी, हात जरा मागं घ्या. भाकरी हाय की, कामून न्हाई? टोपलं भरून हाय, शेंगाची चटणी बी हाय — पण आधी ऐका, सोलापूरची मोटार यायला येळ हाय अजून. व्हय, दुकानच हाय हे. हसा, हसा — लिंबाखाली पोतं, पोत्यावर टोपलं, टोपल्याम्हागं मी, झालं दुकान. आख्ख्या हुमनाबादच्या अड्ड्यावर माझ्याएवढा माल कुणाचा खपत न्हाई, इचारा कुणालाबी. सांजंपत्तोर टोपलं रिकामं. आन् पदर बी रिकामा. कामून म्हणाल, तर ह्या कपाळाच्या इभूतीनं, दुसरं काय.

आमचं बसवण्णाला मानणारं घर. इभूत लावलेला माणूस दारात आला, शरणार्थ म्हणला, की ताट वाढायचं — पैशाचं नाव काढायचं न्हाई. जलमभर ह्येच केलं. मग हितं पयल्या दिशी एक म्हातारा आला, कपाळाला इभूत, म्हणला, शरणार्थ अक्का — मी भाकरी हातावर ठेवली, वर त्याच्या पाया पडले. अशी मी दुकानदारीण. ते बघितलं मोटारीच्या क्लीनरनं, रामकिशननं. त्यो आमच्यातला बी न्हाई, पण दुसऱ्या दिशी कपाळभर पट्टे वढून हजर. मग टांगेवाले, हमाल, एक पोलीस बी — सगळा अड्डा शरणार्थ म्हणायलाय. शेजारचा चहावाला अमृतप्पा म्हणतो, अक्का, तुझ्यापायी माझ्या चुलीत राख ऱ्हाईना. मला कळत नव्हतं व्हय? कळायचं की. चुलीची राख आन् इभूत मला कळंना व्हय? पण पैसे मागायचे म्हणलं की जीभ टाळूला चिकटायची. आन् खरं सांगू — ते कडाकड मोडून खायचे, अक्का, असली भाकरी कुठं खाल्ली न्हाई म्हणायचे, आन् मी येडी तेवढ्यावर खुश. घरात एवढी वर्सं भाजली, कुणी म्हणलं न्हाई.

घर दिराचं. मालक रझाकाराच्या सालात गेले — न्हाई हो, गोळीबिळी न्हाई, समदे तसंच इचारतात, तापानं गेले. तवापासनं मी आन् माझी लेक निलम्मा दिराच्या चुलीपुढं. शिवशंकरप्पा वाईट माणूस न्हाई. दासोहाला गावभर माणूस जेवू घालतो — नाव त्याचं, थापते मी. अशाच एका पंगतीत पाव्हणा म्हणला, ह्या भाकऱ्या अड्ड्यावर इकल्या तर काय खपतील. दीर हसला, आमच्या घरची बाई अन्न इकणार व्हय? पंगत हसली. मी बी हसणारच होते, पदर तोंडाला लावला बी होता — आन् आतनं निघालं, इकते की. ठरवलं कवा म्हणाल तर ठरवलंच न्हाई, तोंडातनं पडलं आन् म्हागं घ्यायची लाज वाटली. दीर म्हणला, गंगव्वा, ह्या अमुशापत्तोर ज्वारी देतो, पुढची तुझ्या कमाईची आण, न्हाईतर गुमान चुलीपुढं बस, आन् निलम्माला बी थापायला शिकव. स्वामी, तिचा हात भाकरीएवढा बी न्हाई.

आज अमुशा हाय.

सकाळपासनं घोकायलेय, राखवाल्याला कसं घालवायचं. आन् पयले आलाव कोण, तर तुम्ही — खरे जंगम, खरी इभूत. माझं नशीब बघा. तुम्हाला न्हाई म्हणलं तर वर जागा मिळायची न्हाई मला. पण मोटारीचं तिकीट काढतावच न्हवं? तिथं इभूत कोण बघतंय? परतताना घरी या, पाय धुते, ताट वाढते, दिराच्या न्हाई, माझ्या ज्वारीचं वाढते. हे दुकान हाय. एक आणा. निजामाचा हाली चालंल, इंग्रजी कलदार चालंल.

न्हाई, पैसे खाली नका ठेवू. हातात द्या.

घ्या, चटणी जास्त घातलीय. ती बघा आली मोटार, जावा. आन् रामकिशन, लपतोस कुठं — कपाळ पूस आधी, मग ये.