मढेवाट

(कलती दुपार, रविवार. नेदरलँड्समधल्या एका दलदलीकाठचं घर, त्यातलं स्वयंपाकघर. हीटरवर वाळत टाकलेल्या लहानशा मोज्यातून फरशीवर थेंब पडतो. टप.)

हिल्के : मग? पुढं काय झालं, बाबा?

लुबर्ट : पुढं काय व्हायचंय. चिखल होता, पोरीचा बूट अडकला, पडली, आलो घरी.

हिल्के : नुसत्या चिखलानं मोजा एवढा निथळतो होय? दोनदा पिळलाय मी. अजून टपटपतोय.

लुबर्ट : लोकर आहे. लोकर पाणी धरून ठेवते.

हिल्के : आणि तुमची पँट?

लुबर्ट : तिला काय झालं?

हिल्के : पार वरपर्यंत काळी झालीय. वरून दुसरा कोट चढवला की सुनेला दिसणार नाही, असं वाटलं का तुम्हाला?

लुबर्ट : सासूच्या वळणावर गेलीयस तू. तीही माझ्या पँटीच बघत बसायची.

हिल्के : त्या तुम्हाला चांगल्या ओळखून होत्या. सूप वाढते, घ्या. थरथरताय.

लुबर्ट : थरथरत नाही, म्हातारा झालोय. हार्म येऊ दे, मग बसू सगळे. वाटाण्याचं सूप मुरलं की चांगलं लागतं.

हिल्के : तुमचा लेक यायला हवा होता एव्हाना. गाडीनं माळाच्या टोकाला जायचं, कुत्रा घ्यायचा, यायचं. कितीसा वेळ लागतो?

लुबर्ट : धुकं उतरलंय. हळू चालवत असेल.

हिल्के : पण सीपला तिथं बांधून आलातच का? एरवी तो तुमच्या पायात पायात असतो.

लुबर्ट : येईना. खुंटीपाशी बसला तो बसलाच. ओढला, दटावला, शेवटी दिला बांधून खुंटीला. म्हटलं, बस बोंबलत.

यान्ना : सीप रडत होता, आई. आजोबा त्याला म्हणाले, भित्रट कुठला.

हिल्के : तू दूध संपव, राणी. बडीशेपेचं दूध गार झालं की साय धरते, मग तूच नाक मुरडतेस. कुठली खुंटी, बाबा?

लुबर्ट : लाल टोपीची. ती निसर्ग संस्थेची पोरं ठोकून गेलीत ना, जागोजागी. आता माणसाला चालायलाही खुंट्या लागतात.

हिल्के : पण लाल खुंट्यांची वाट किती सोपी आहे. इस्टेटीच्या फाटकातून निघायचं, माळ ओलांडायचा आणि बांधाला वळसा घालून फळ्यांवरनं घरी. हिची बाबागाडी ढकलत फिरलेय मी तिथनं. तिथं बूट खाणारा चिखल कुठं भेटला तुम्हाला?

लुबर्ट : भेटला एका जागी.

यान्ना : आम्ही खुंट्या सोडल्या होत्या. आजोबांना जवळची वाट माहीत आहे.

लुबर्ट : यान्ना.

यान्ना : हेपण सांगायचं नव्हतं का?

हिल्के : आणखी काय काय सांगायचं नव्हतं गं?

यान्ना : ते नाही सांगणार.

हिल्के : बाबा, मढेवाटेनं आलात?

लुबर्ट : हो, मढेवाटेनं आलो. चोरी केली का? माझ्या आज्याच्या वेळची वाट आहे ती. खाली काटक्यांच्या मोळ्या, वर वाळू. सहा जण खांद्यावर शवपेटी घेऊन त्या वाटेनं चर्चला जायचे, बर्फात, पावसात. तुझ्या सासूला त्याच वाटेनं नेली. तू होतीस. बुडाला होता कुणाचा पाय?

हिल्के : तेव्हा पाणी उपसायचा पंप चालू होता.

लुबर्ट : मीच चालवत होतो.

हिल्के : तेच म्हणतेय मी. तुम्ही चालवत होतात म्हणून ती वाट कोरडी होती. वसंतात संस्थेनं पंप बंद केला. दलदल पुन्हा दलदल व्हावी म्हणूनच बंद केला. पाणी कुठवर चढलंय ते खिडकीतनंसुद्धा दिसतं.

लुबर्ट : पंप बंद केला. त्या जमिनीखालचं पाणी मी जन्मभर उपसलंय. कुठं किती आहे ते झोपेत सांगेन. कालची पोरं येतात, बटण बंद करतात आणि मला म्हणतात, काका, खुंट्यांच्या आत चाला.

हिल्के : बरोबरच म्हणतात.

लुबर्ट : वाट माणसाचं वजन पेलते, हिल्के. वाट अजून पेलते.

हिल्के : बरं, पेलते. यान्ना, बाहुलीला फरशीवर पालथं कशाला घातलंयस? गार आहे फरशी.

यान्ना : ती मासा झालीय.

हिल्के : मासा?

यान्ना : उभं राहिलं की बुडतो. आडवं झोपलं की नाही बुडत. मासा कसा, आडवाच असतो.

हिल्के : हे कुणी शिकवलं तुला?

यान्ना : हे सांगायचं नव्हतं.

लुबर्ट : पोरांचे खेळ असतात.

हिल्के : तुम्ही थांबा जरा. इकडे ये, राणी. मांडीवर ये. पाय बघू? अजून बर्फच आहेत. असे घे, माझ्या पोटाशी. आता हळूच सांग. मी रागावणार नाही.

यान्ना : आजोबांवरपण?

हिल्के : तू सांग तर.

यान्ना : आधी मज्जा आली. जमीन हलायला लागली. वाटीतलं कस्टर्ड हलवलं की कसं होतं, तशी. मी उड्या मारल्या, तर लांबचं झाडपण हललं. मग माझा पाय आत गेला. आजोबांनी मला उचललं आणि फेकलं.

हिल्के : फेकलं?

यान्ना : गवतावर. बूट तिथंच राहिला. मग आजोबाच आत गेले.

हिल्के : कुठपर्यंत गेले?

यान्ना : कोटाच्या मधल्या बटणापर्यंत. ते ओरडले नाहीत. एकदम हळू बोलले. म्हणाले, यान्ना, मासा हो. पालथी झोप. काठी तुझ्याकडे टाकतो, तिची मूठ झुडपात अडकव. मी अडकवली. दोनदा सुटली. मग बसली नीट.

हिल्के : शहाणी माझी.

यान्ना : आजोबा मासा झाले आणि काठी धरून खूप खूप हळू आले. ‘पच्’ असा आवाज आला. मला हसू आलं, पण त्यांना नाही आलं. मग आम्ही दोघं सरपटत बांधापर्यंत आलो. सीप तिकडून भुंकतच होता.

लुबर्ट : आलो ना पण. बसलीय ना तुझ्या मांडीवर.

हिल्के : बाबा, थोडा वेळ काही बोलू नका. खरंच.

लुबर्ट : मला एकट्याला गिळलं असतं तरी—

हिल्के : हिच्यादेखत नको.

लुबर्ट : बरं.

हिल्के : संस्थेच्या कुणाला तरी कळवायला हवं. उद्या आणखी कुणी पोरंबाळं घेऊन गेलं तर? हार्म आला की त्यालाच सांगते. तुम्ही त्याला सांगितलंत ना हे?

लुबर्ट : कुत्रा कुठाय, विचारलं त्यानं. माळाकडच्या टोकाला, म्हटलं.

हिल्के : तेवढंच? तुम्ही दोघं दारात बरंच बोलत होतात. मी वर टॉवेल काढत होते, नीट ऐकू आलं नाही.

लुबर्ट : रेनकोट चढवत होता. घाईत होता.

हिल्के : काय विचारलं त्यानं?

लुबर्ट : विचारलं, वाट कशी आहे.

हिल्के : कुठली वाट?

लुबर्ट : मला वाटलं, गाडीनंच जाईल.

हिल्के : तुम्ही काय सांगितलंत, बाबा?

लुबर्ट : लेक समोर उभा, मी असा भिजलेला. काय सांगणार होतो त्याला?

हिल्के : काय सांगितलंत?

लुबर्ट : म्हटलं, पेलते.

हिल्के : यान्ना, उतर जरा. खिडकीतनं बघ गं, गाडी आहे का दारात.

यान्ना : आहे.

हिल्के : आपली?

यान्ना : आपलीच. माझं बदक चिकटवलंय ती.

लुबर्ट : सायकल नेली असेल. हार्मला सायकलच आवडते.

यान्ना : सायकलपण आहे. पप्पा चालत गेले. मी टाटा केला त्यांना. म्हणाले, मढेवाटेनं पटकन जातो आणि येताना तुझा बूटपण घेऊन येतो.

हिल्के : बूट कुठं पडलाय, यान्ना?

यान्ना : तिथंच. आजोबा गेले ना, तिथं. अर्धा वर आहे. लाल आहे म्हणून लांबूनसुद्धा दिसतो.

हिल्के : माझा फोन. फोन कुठं ठेवला मी?

लुबर्ट : ब्रेडच्या डब्यामागं. मी देतो.

हिल्के : राहू द्या. सापडला.

लुबर्ट : वाजतोय का?

हिल्के : वाजतोय.

लुबर्ट : वाजतोय म्हणजे कोरडा आहे. वाजतोय ना?

यान्ना : आई, पप्पांचा कोट वाजतोय. पॅसेजमधला.

हिल्के : हॅलो? लवकर माणसं पाठवा. माझा नवरा दलदलीत गेलाय, बंद पडलेल्या पंपघराच्या मागं. नाही, बुडताना पाहिलं नाही. नाही हो, दिसत नाही, धुकं आहे. हो, त्याच जागी मगाशी एक जण गेला होता आत. आहे, तो जिवंत आहे, माझ्यासमोर बसलाय. हो. घराचा दिवा लावून ठेवते.

लुबर्ट : त्यांना शहरातनं यायला उशीर होईल. शेजारच्या योपला लाव. त्याची चपटी बोट बांधापाशीच असते. आणि शिडी, छप्पर शाकारायची लांब शिडी. ती आडवी टाकायची, तिच्यावरनं—

हिल्के : योप? हिल्के बोलतेय. बोट काढ. हार्म मढेवाटेवर आहे. नंतर सांगते, आधी बोट काढ.

लुबर्ट : मी शिडी घेऊन निघतो.

हिल्के : तुम्ही कुठं निघालात?

लुबर्ट : जागा मला माहीत आहे.

हिल्के : मगाशीही माहीतच होती.

लुबर्ट : हो. पण आता खरंच माहीत आहे, पोरी. दुसरं कुणी दाखवणार नाही ती.

हिल्के : मग ऐका. योपला बांधावर गाठायचं. तिथं उभं राहून हातानं दाखवायचं, काठीनं दाखवायचं, ओरडायचं, काय वाटेल ते करा. पण बांधाखाली एक पाऊल नाही. शब्द द्या.

लुबर्ट : दिला.

हिल्के : हार्मलाही दिला होतात, पेलते म्हणून.

लुबर्ट : काठी घेतो माझी.

हिल्के : जा. मफलर घ्या तो. जा, बाबा.

यान्ना : आजोबा, माझा बूट राहू दे. नाही आणला तरी चालेल.

लुबर्ट : बरं, बाळा.

हिल्के : यान्ना, खिडकी का उघडलीस? गारठा आत येतोय.

यान्ना : सीप ऐकू येत होता. खिडकी लावली की येत नाही.

हिल्के : भुंकतोय?

यान्ना : मगाशी भुंकत होता. आता गप्प झाला.

हिल्के : पप्पा जवळ आले की गप्पच होतो ना तो? रोज संध्याकाळी कसा गप्प होतो, फाटक वाजलं की?

यान्ना : मग शेपटी आपटतो. शेपटी ऐकू येत नाही एवढ्या लांबून.

हिल्के : नाही, तेवढी नाही येत. तो मोजा दे माझ्याकडे. नको, दुसरे घालू कोरडे. पाय वर कर. हा. आता दुसरा.

यान्ना : आई, आजोबांनी मला शिकवलं. मी बाहुलीला शिकवलं. पप्पांना कुणी शिकवलंय, मासा व्हायचं?