बिनमोसमाची सहल

बाबा: ते सगळं खरं, पण या दिवसांत तिथे जातं कोण? उद्यानाचं मागचं फाटक बंद असतं. हरणंसुद्धा सावली सोडून बाहेर येत नाहीत.

लेक: म्हणूनच गर्दी नसेल, बाबा.

बाबा: मला शिकवतेस? उभा जन्म पर्यटकांची बस चालवली मी. मोसम नसताना किल्ल्यावरचा तिकीटवाला झोपलेला असतो. त्याला हलवून उठवावं लागतं.

लेक: मग उठवू. आधी उद्यान, मग किल्ला, तिथून तो मोठा घुमट. मुक्काम तळ्याकाठी. तुम्ही माझी गाडी चालवा, मी नकाशा बघते.

बाबा: कुठेतरी पाणी मुरतंय. मागच्या वर्षी नुसतं तळ्यापर्यंत जाऊ म्हटलं, तर तुला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. काल संध्याकाळी अचानक येतेस काय, नकाशा पसरतेस काय! तुझा साहेब एकदम देवमाणूस झाला?

लेक: झाला असेल.

बाबा: माझी नजर तपासायची आहे ना? खरं सांग. रिकाम्या रस्त्यावर म्हाताऱ्याला बसवायचं, कडेला घासतो का बघायचं, मग म्हणायचं, पुरे आता गाडी चालवणं. जावईबापूंची आयडिया असणार.

लेक: त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

बाबा: बायको आठवडाभर गावोगाव हिंडणार, आणि नवऱ्याला पत्ता नाही?

लेक: म्हणजे... कामात असतात ते. किती खोदून खोदून विचारता हो!

बाबा: तुझी आई असती तर तिने विचारलं असतं. आता तेही काम माझ्याकडेच आलंय. ते का येत नाहीत? किल्ले म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लग्नात नवरदेव सगळं सोडून माझ्याशी बुरुजांविषयी बोलत बसला होता. सोन्यासारखा माणूस.

लेक: हो. सगळे तसंच म्हणतात.

बाबा: हे काय बोलणं झालं? इकडे बघ. नकाशात नको, माझ्याकडे. सकाळी तुझ्या चाकांची हवा बघायला खाली गेलो. स्टेपनी बघावी म्हणून डिकी उघडली, तर बॅगाच बॅगा. निघायचंय शनिवारी, आज कुठे मंगळवार.

लेक: ऐन वेळी धांदल नको म्हणून.

बाबा: एकीची चेन उघडी होती. आत लोकरीचा कोट. या उकाड्यात कोट कुणाला घालणार, किल्ल्याला?

लेक: तुम्ही माझ्या बॅगा तपासता?

बाबा: तपासल्या नाहीत, दिसलं. आणि अजून एक. बसमध्ये चढणारा माणूस पहिलं विचारायचा, परत कधी पोहोचणार? खिडकीची जागा त्यानंतर. तू मघापासून जायचं तेवढंच सांगतेयस. परत यायचं नाव नाही. अगं, बोल की. आजारी आहेस?

लेक: नाही.

बाबा: नोकरी गेली?

लेक: नाही हो. मला हे गाडीत सांगायचं होतं. सरळ रस्ता लागला की.

बाबा: गाडीत का?

लेक: घरात तुम्ही ओरडता. स्टीअरिंग हातात असलं की कधीच नाही. आई सगळं गाडीतच सांगायची ना तुम्हाला? मी नापास झाले तेव्हा. तिच्या स्वतःच्या आजाराचंसुद्धा. मला म्हणायची, अवघड काही असलं तर यांना गाडीत बसव, मोकळा रस्ता बघ आणि मग तोंड उघड.

बाबा: असं म्हणायची?

लेक: मोसमात रस्त्यावर पुढे बसगाडी, मागे बसगाडी. तुम्ही आधीच चिडलेले असता. म्हणून हे दिवस.

बाबा: आणि मी समजत होतो, तिला फिरायची हौस आहे. किल्ली दे.

लेक: आत्ता? शनिवारी...

बाबा: तोपर्यंत काय छताकडे बघत पडू? दे.

(गाडीत. दोघंही समोर बघताहेत.)

लेक: तिसरा गिअर टाका की आता.

बाबा: टाकतो. तू सांग.

लेक: मी त्यांचं घर सोडलंय. कालच.

बाबा: हात उचलला त्याने?

लेक: नाही. हात नाही, आवाज नाही. बोलतच नाहीत माझ्याशी. जेवतात, उठतात, दार लावून घेतात. चारचौघांत मात्र गोड. वर्ष होऊन गेलं, बाबा. त्या घरात मी आहे की नाही, हेच मला कळेनासं झालं होतं.

बाबा: वर्ष? आणि मी दर फोनला विचारत होतो, आमचे जावईबापू कसे आहेत म्हणून...

लेक: समोर बघा.

बाबा: बघतोय.

लेक: फार भीती वाटत होती मला. तुम्ही म्हणाल, एवढ्या चांगल्या माणसाला सोडून आलीस. जा परत.

बाबा: मागची खोली तुझी. त्यावर चर्चा नको.

लेक: आणि सहल?

बाबा: जायचं तर. तो किल्ला मी जन्मभर पार्किंगमधूनच पाहिलाय. ते पुढचं फडकं दे जरा.

लेक: काच स्वच्छ आहे, बाबा.

बाबा: माहितीये. दे.