आबांचा राहिलेला डाव

आमच्या आबांचा हट्ट किती, ते ऐका. मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात काम करते. तिथे शेठनी वडिलांच्या वेळचं पिनबॉलचं मशीन शोभेला ठेवलंय. नाणं टाकून गोळी उडवायची, मधल्या भोकात पडली की मशीन पैसे देतं.

आबा भाजे गावाहून माझा डबा घेऊन आले आणि मशीन बघून थबकलेच.

"लग्नाच्या वर्षी ह्यानं माजी सगळी मजुरी गिळली. तुजी आय अजून टोमणे मारती. आज जिकल्याबिगर हलत न्हाई."

"खेळा की आबा!" शेठ हसले.

दहा गोळ्या गेल्या, सगळ्या डावीकडे. मग आबा सरळ फरशीवर आडवे झाले आणि एक डोळा मिटून मशीनखाली बघायला लागले. जन्मभर भातखाचरं सपाट केलेला माणूस तो!

"हितं उतार दिलाय," म्हणत त्यांनी मशीनच्या उजव्या पायाखालची लाकडी चकती उपटली. त्यानंतरची तिसरी गोळी मधल्या भोकात पडली आणि नाणी खळखळली.

शेठ ओशाळले. "चकती वडिलांनीच ठेवलेली."

आबांनी नाणी तिथंच सोडली आणि चकती खिशात घातली.

"ही तुज्या आयला दाखवतो. म्हनावं, तवा मी हरलोच न्हवतो."