पामवरची स्वारी

...नाही, पण मी म्हणतो, एखादा विषय बंद पडतो तो मास्तरला शिकवता येत नाही म्हणून ना? माझा शिकवता आला म्हणून पडला! हसा, हसा! तुम्हाला सांगतो, चार वर्षं पॅरिसच्या थंडीत कुडकुडत जुनी दप्तरं चाळली, डॉक्टरेट घेतली आणि येऊन पडलो कुठे? पालघरात! मामा घसा फोडून सांगत होता, "अरे, पेशवाई घे, पेशवाईला मरण नाही!" पण आम्ही दीडशहाणे. विषय घेतला फ्रान्स!

कॉलेजात माझा तास जेवणानंतरचा. मी फळ्यावर राजाचे कर लिहितोय आणि मागे पोरं घोरतायत! प्राचार्य म्हणायचे, "डॉक्टर, तुमच्या त्या फ्रान्सचा आपल्या मुलांना उपयोग काय हो? पेपर बंद झाला तर तुम्हाला कायम कसं करू?" बायको नाशकाला माहेरी जाऊन बसलेली. "कायम झालात की कळवा, मग येते." तिचं तरी काय चुकलं?

तर दिवाळी तोंडावर आलेली, मी राहायला बोईसरला, तिथल्या रेशनच्या रांगेत. अणुवीज केंद्राच्या बांधकामाला मुलुखभरची माणसं आलेली, रांग ही एवढी, आणि दुकानाला कुलूप! दुकानदार कृष्णकांतशेठ शेजारच्या पाम गावात घरी झोपलेले, किल्ल्या उशाशी. माझ्यापुढे बाजारात मासे विकणारी माई. म्हणाली, "मास्तर, तुमी शिकवता तरी काय?"

अहो, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं होतं का? सुटलो मी! म्हटलं, पॅरिसात पाव मिळेना, तशा बाजारातल्या बायका उठल्या, भर पावसात चालत व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या आणि राजाला गाडीत घालून घेऊन आल्या! पुढे कोण होत्या? मासेवाल्या!

"मासेवाल्या?"

"मासेवाल्याच!"

"राजाला?"

"बायकापोरांसकट!"

पदर खोचला की हो तिनं! "चला गं! पाम काय लांब हाय?" अख्खी रांग निघाली, वर मलाच ओढतायत, "मास्तर, फुडं व्हा, तुमाला रस्ता म्हायती हाय!" अहो बाई, मला व्हर्सायचा माहिती आहे, पामचा नाही! पण ऐकतंय कोण? शेठना बनियनवर बैलगाडीत घातलं, किल्ल्या मांडीवर, मागून शेठाणी रडत चालतेय. दुकान उघडलं, सगळ्यांना तांदूळ मिळाला, साखर मिळाली. माझा नंबर आला आणि साखर संपली. विषय घेतला ना फ्रान्स! भोगा!

आणि हे कृष्णकांतशेठ कोण? आमच्या कॉलेजच्या कमिटीवर! प्राचार्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. "डॉक्टर, तुमचं कुणाला कळत नाही ही माझी तक्रार होती. आता भलत्यांनाच कळलं." पेपर बंद! आता नागरिकशास्त्र शिकवतो. नागरिकांची कर्तव्यं. कायम करायचं की नाही ते शेठ ठरवणार, आणि बायको अजून नाशकातच.

परवा पुन्हा रांगेत उभा होतो. शेठ तराजू धरून माझ्याकडे टक लावून बघतायत. तेवढ्यात माई वळली. "मास्तर, त्या राजाला आनला, मंग फुडं काय केला त्याचा?" सगळ्यांचे कान माझ्याकडे. अहो, जन्मात पहिल्यांदा माझा वर्ग जागा होता! शेठच्या हातातलं वजन तसंच हवेत. जिभेवर आलं होतं हो सगळं, गिलोटिनसकट, तारखेसकट...

म्हटलं, "पुढचं अभ्यासक्रमात नाही, माई."